साडेअकराच्या आत

भुकेल्याची भूक आपल्या पोटात जाणवणं हाच माणूस असल्याचा एकमेव पुरावा आहे, आणि मराठी समाजाने तो शतकानुशतकं जगाला दिलेला आहे. आमच्या मंडळाचे अध्यक्ष चंद्रहास यांनी डब्लिनजवळच्या ल्यूकनमध्ये चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये हे वाक्य माइकवरून म्हटलं, तेव्हा दुपारचा एक वाजून दहा मिनिटं झाली होती आणि साबुदाणा वड्यांचा दुसरा घाणा नुकताच बाहेर आला होता. त्यामुळे पुरावा ऐकायला पुढच्या दोन रांगा सोडल्या तर कोणी उरलं नव्हतं.

कार्यक्रमाचं नाव 'सहवेदना उपवास'. कल्पना चंद्रहासचीच. तो मूळचा पुण्याचा, अकरा वर्षं डब्लिनमध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे, आणि कुठल्याही आपत्तीकडे तो डेडलाइन असलेलं काम म्हणूनच बघू शकतो. त्याचा पहिला बेत वस्तू गोळा करायचा होता. दूध पावडर, डाळी, बिस्किटं, ब्लँकेट्स. त्यासाठी त्याने शहरातल्या एका मदतसंस्थेला फोन केला. तिथल्या बाईंनी फार गोड आवाजात सांगितलं की वस्तू नकोत, वस्तूंचे ट्रक सीमेवर भरलेलेच उभे आहेत, त्यांना आत सोडत नाहीत. तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर तुमच्या टी.डी.ला, म्हणजे इथल्या खासदाराला, फोन करा आणि दरवाजा उघडायला लावा म्हणावं.

कमिटीने यावर दोन मीटिंगा घेतल्या. खासदाराला फोन करणं हे राजकारण झालं आणि मंडळाच्या घटनेतल्या चौथ्या कलमात राजकारण बसत नाही, असं ठरलं. मग उरला उपवास. उपवासाला कुणाचीच हरकत नव्हती.

बॅनरवर गाझाचं नाव असावं की नसावं यावर ग्रुपवर तीन दिवस चर्चा झाली. शेवटी 'मध्यपूर्वेतील भुकेल्या बालकांसाठी' असं छापलं. एका सभासदाने 'मध्यपूर्व'लाही आक्षेप घेतला, कारण त्याचा मोठा क्लायंट तिकडचा आहे. पण तोवर बॅनर छापून झाला होता.

श्रावण चालू होता, तेव्हा तारखेचा प्रश्न आपोआप सुटला. सोमवार जास्त बरा दिसला असता, पण सोमवारी हॉल मिळत नव्हता. म्हणून शनिवार. मेन्यू चंद्रहासच्या बायकोने, केतकीने, ठरवला. साबुदाण्याची खिचडी, वडे, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, बटाट्याची उपवासाची भाजी, काकडीची कोशिंबीर, राजगिऱ्याचे आणि दाण्याचे लाडू, शिवाय केळी. माणशी दीड प्लेट धरली होती, कारण उपवासाच्या दिवशी भूक जास्त लागते. खोटं कशाला बोलू, मलाही यात काही वावगं वाटलं नाही. मी खिचडीच्या रांगेवर होतो.

वावगं वाटलं ते फक्त हॉलची देखभाल करणाऱ्या डोनलला. तो किल्ल्या द्यायला आला आणि टेबलांकडे बघत उभा राहिला. हे काय, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, उपवास. बटाटाही चालतो का, म्हणाला. मी म्हटलं, चालतो. त्याने किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या. मग म्हणाला, "आमच्याकडेही एकदा बटाटा कुजून मोठी उपासमार झाली होती. पण तेव्हा केटरिंग नव्हतं." आणि इथल्या पद्धतीने 'ठीक आहे' म्हणून ग्रँड, ग्रँड करत निघून गेला. योर मॅन, म्हणजे हा गडी, जरा विचित्रच आहे, असं चंद्रहास म्हणाला.

प्रमुख पाहुणी किलकेनीहून यायची होती. आमच्या डॉक्टर माधवी तिथल्या इस्पितळात मुलांच्या विभागात आहेत. मिरजेला शिकलेल्या, स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांच्या वॉर्डात हनान नावाची एक नर्स आहे, गाझाची. चंद्रहासने माधवींना विचारलं होतं की पाच मिनिटं बोलायला कोणी ऑथेंटिक मिळेल का, आणि माधवींनी हिचं नाव दिलं. मग चंद्रहासने हनानला ईमेल पाठवली. त्यात तीन सूचना होत्या. देशांची नावं घेऊ नयेत. भुकेबद्दल बोलावं, पण ती कुणामुळे लागली हे टाळावं. आणि शेवट आशादायी असावा.

एक वाजायला दहा मिनिटं असताना दोघी आल्या. हनान तिशीची, सडपातळ, निळ्या कार्डिगनमध्ये. केतकीने लगबगीने तिच्या हातात भरलेली प्लेट दिली. हनानने प्लेट बघितली, मग हॉल बघितला. म्हणाली, आज तर उपवास आहे ना?

"हो, हो. हे सगळं उपवासाचंच आहे," केतकी म्हणाली.

हनानने प्लेट हळूच टेबलावर ठेवली. ती पहाटेपासून पाणीसुद्धा प्यायली नव्हती. तिला उपवास म्हणून सांगितलं होतं आणि तिने तो केला होता. तुमचा कधी सुटतो, असं तिने विचारलं. केतकी म्हणाली, संध्याकाळी, वरण-भातावर. हनान मान हलवून म्हणाली की तिचा सूर्य मावळल्यावर सुटेल. इथे ऑगस्टात सूर्य नऊच्या सुमाराला मावळतो. केतकीने नंतर मला विचारलं, पाणी पण नाही? म्हणजे काय उपवास आहे की शिक्षा? ते विचारताना तिच्या हातात रताळ्याच्या किसाचा डाव होता, आणि तो तिने मग बराच वेळ खाली ठेवला नाही, वाढलंही नाही.

चंद्रहासचं पुराव्याचं भाषण संपल्यावर हनानला माइकपाशी बोलावण्यात आलं. तिने ईमेलचा प्रिंट काढून आणला होता. तो उघडून म्हणाली की यातल्या सूचना पाळल्या तर माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट उरते, आणि ती भाषण नाही, प्रश्न आहे.

तिची बहीण सुहैर मध्य गाझात एका तंबूत राहते. तिला चौदा महिन्यांची मुलगी आहे, लयान. जवळच्या पोषण केंद्रावर मुलांचा दंड टेपने मोजतात. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला तर मूल यादीत येतं आणि त्याला औषधी पेस्टची पाकिटं मिळतात. साडेअकराच्या वर भरला तर त्याच्यासाठी दुसरं, हलकं खाणं असतं, पण ते त्या केंद्रावर जूनपासून आलेलं नाही. मागच्या शनिवारी लयानचा दंड अकरा पॉइंट आठ भरला. म्हणून तिला काही मिळालं नाही.

"तीन मिलिमीटर जास्त," हनान म्हणाली. "माझी बहीण आत्ता त्याच रांगेत उभी आहे. केंद्र चार वाजता बंद होतं. तिथे सव्वातीन वाजलेत. डॉक्टर म्हणाल्या, इथे एक बाई आहेत ज्यांनी तीस वर्षं मुलांचे दंड मोजले. मला त्यांना विचारायचंय."

हॉलमध्ये असं कोणी आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. होत्या त्या चंद्रहासच्या सासूबाई, सुलेखाबाई. मेळघाटात, धारणीकडे, अंगणवाडीच्या सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेल्या. तीन महिन्यांसाठी लेकीकडे आलेल्या. चंद्रहासने त्यांची ओळख सगळीकडे 'माजी शासकीय अधिकारी' अशी करून दिली होती, कारण ते जास्त बरं दिसतं. त्या भिंतीकडेच्या खुर्चीवर वरीचे तांदूळ खात बसल्या होत्या. माधवींनी त्यांना प्रश्न मराठीत सांगितला. त्यांनी ताट खुर्चीखाली सरकवलं, पदराला हात पुसले आणि थेट हनानच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"कोनता हात धरला होता?"

माधवींनी विचारलं. हनान म्हणाली, डावा.

"खांद्याचं हाड अन् कोपर, याच्या मधातली खूण काढली का त्या बाईनं, का अशीच गुंडाळली टेप?"

हनानने मोबाइलवर टाइप केलं. उत्तर यायला दोन-तीन मिनिटं लागली. अशीच गुंडाळली. खूप गर्दी होती.

"असन. मोजनारीचाबी हात थकते. टेप ढिली पडली का दोन-तीन मिलिमीटर वाढते. तिले म्हना, आधी कोपर वाकवून मधातली खूण काढाले लाव. मंग हात सैल सोडाले लाव. लेकरू कडेवर असलं तं हात आखडते."

हे सगळं माधवींनी इंग्रजीत सांगितलं, हनानने अरबीत लिहिलं आणि ते कुठल्यातरी मार्गाने त्या रांगेत पोचलं. मला वाटतं, आमच्या मंडळातून बाहेर गेलेली ती पहिली उपयोगी सूचना. चंद्रहास घड्याळ बघत होता. यानंतर मुलींचं समूहगीत होतं.

मग हनानने खालच्या आवाजात विचारलं की नीट मोजूनही अकरा पॉइंट सहा भरलं तर?

माधवींनी ते मराठीत सांगितलं. सुलेखाबाईंनी बॅनरकडे बघितलं, मग हनानच्या हातातल्या फोनकडे.

"मंग तिले म्हना, मोजनारीच्या डोळ्यात पाह्य अन् सांग, जरा ओढून धर बाई. समजते तिले."

"आई, माइक चालू आहे," चंद्रहास म्हणाला.

"चालू राहू दे. मी धरली हाये ओढून. सरकारी टेप, सरकारी रजिस्टर. साडेअकराच्या वर भरलं का लेकरू केंद्रात घेता येत नसे, अन् खाली भरेपर्यंत घरी पाठवा म्हनत. आता घरी पाठवाचं अन् काय पाहाचं? का अजून वाळते का ते? म्हनून ओढायची मी. थोडीशीच. एकतीस वर्सांत कोनाले सांगतलं नाई."

केतकी त्यांची मुलगी. तिलाही नव्हतं सांगितलं, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. आयुष्यभर आईने तिला रेशनच्या रांगेतसुद्धा पुढे घुसू दिलं नव्हतं.

हनानने ते लिहून पाठवलं. मग सगळे थांबले. समूहगीताच्या मुली गजरे घालून स्टेजच्या पायरीवर बसल्या होत्या. एकीने दुसरीला विचारलं, इज शी ऑन अवर साइड, द बेबी? दुसरी म्हणाली, शी इज ओन्ली वन, लाइक. शी हॅजन्ट गॉट अ साइड. मागच्या बाजूला कोणीतरी चमच्याने प्लेट खरवडत होतं, ते बंद झालं.

पावणेदोनला, म्हणजे तिकडे पावणेचारला, फोन थरथरला. हनानने वाचलं आणि फोन छातीशी धरला. डोळे मिटून ती काहीतरी पुटपुटली. माधवींनी वाकून स्क्रीन बघितला आणि आकडा म्हणाल्या. अकरा पॉइंट चार.

चंद्रहासला इतका वेळ माइक मिळाला नव्हता. त्याने तो घेतला.

"मित्रांनो, अतिशय आनंदाची बातमी. अकरा पॉइंट आठवरून अकरा पॉइंट चार. आपण साडेअकराच्या आत आलो आहोत."

टाळ्या झाल्या. चांगल्या मोठ्या झाल्या. सॉफ्टवेअरचं रिलीज वेळेत गेल्यावर ऑफिसात होतात तशा, मनापासून. मागून कोणी शिट्टीही वाजवली. मीही टाळ्या वाजवल्या. एका हातात झारा होता, म्हणून मांडीवर वाजवल्या.

माधवींनी टाळ्या थांबायची वाट बघितली. मग चंद्रहासच्या हातून माइक काढून घेतला.

"साडेअकराच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण," त्या म्हणाल्या. "अशी मुलं साध्या जुलाबाने जातात. सर्दीनेही जातात. माझ्या वॉर्डात असं मूल आलं तर मी रात्रभर घरी जाणार नाही. आपण आत्ता कशाला टाळ्या वाजवल्या ते एकदा आठवा."

मी झारा कुठे ठेवावा हे न कळून हातातच धरून ठेवला. पुढच्या रांगेतल्या अंबरीशने, जो दर मीटिंगला शंका काढतो, अगदी हळू विचारलं की पण ते टेप ओढल्यामुळेच ना? म्हणजे खरा आकडा तेवढा खाली नसणार. त्याला तसं असायला हवं होतं. आम्हा सगळ्यांनाच हवं होतं.

सुलेखाबाईंनी मान हलवली.

"ओढून दोन मिलिमीटर निंगते, बापा. फार तं दोन. चार उतरले ना? मंग दोन तं खरेच उतरले. आठ दिवसांत."

मग त्या टेबलाशी गेल्या. कार्यक्रमपत्रिकेच्या कडेची एक पट्टी फाडली. डोनलच्या ऑफिसमधून कुणीतरी मोजपट्टी आणून दिली, तिच्यावर ठेवून अकरा सेंटिमीटर आणि चार रेघा मोजल्या आणि तिथे नखाने खूण केली. टोकं जुळवून कागदाचं कडं केलं. ते हातात धरून त्या टेबलावर काहीतरी शोधत होत्या. लाडू उचलून पाहिला, तो कड्यात बसला नाही. मग घडातलं एक केळं तोडलं, मधलं, ना मोठं ना लहान, आणि कडं त्याच्यावर चढवलं. ते मध्यापर्यंत सरकलं आणि घट्ट बसलं.

"एवढा," त्या म्हणाल्या. "हाड, मास, कातडी धरून."

त्यांनी ते केळं शेजारच्या बाईच्या हातात दिलं. तिने पुढच्याच्या हातात. असं करत ते सगळ्या हॉलभर फिरलं. ज्याच्या हातात यायचं तो ते दोन्ही हातांनी धरायचा आणि लवकर पुढे द्यायचा. निलिमा म्हणून आमच्यातली एक आहे, तिचा मुलगा दीड वर्षाचा. तिने केळं हातात घेतलं, मग मांडीवरच्या मुलाच्या दंडाला नुसता हात लावला आणि उठून बाहेर गेली. शेवटी केळं परत टेबलाशी आलं. ज्याच्याकडे आलं त्याला ते घडाशेजारी ठेववेना आणि दुसरीकडे कुठे ठेवायचं तेही कळेना. ते त्याच्या हातातच राहिलं.

अंबरीशला अजून एक शंका होती. त्या पेस्टमध्ये असतं तरी काय? इतकी काय मिळत नाही ती?

"काई नाई," सुलेखाबाई म्हणाल्या. "शेंगदाने. कुटलेले. दुधाची पावडर, तेल, साखर. वरून थोडे औषधं."

आम्ही सगळ्यांनी टेबलाकडे बघितलं. केतकीने खिचडीसाठी सात किलो दाण्याचा कूट केला होता आणि तो पुरणार नाही म्हणून अजून दोन किलो आदल्या दिवशी आणला होता.

समूहगीत झालं नाही. आभारप्रदर्शन झालं नाही. सामूहिक फोटोसाठी कॅमेरा घेऊन आलेला सिद्धांत कॅमेरा पिशवीत घालून खुर्च्या आवरायला लागला. चंद्रहास माझ्याजवळ आला आणि भलतीकडे बघत म्हणाला की आपल्या भागातल्या टी.डी.चा नंबर तुझ्याकडे आहे का. मी शोधून दिला. तो स्वयंपाकघरात गेला, दार लोटून घेतलं. शनिवार असल्याने फोन निरोप घेणाऱ्या यंत्राने उचलला. मी दाराबाहेर पातेली आवरत होतो, मला ऐकू येत होतं. तो स्वतःचं नाव, पत्ता, मतदार असल्याचं सांगून थांबला. मग म्हणाला की मी गाझाबद्दल बोलतोय. तो शब्द त्या दिवसात त्याने पहिल्यांदा उच्चारला. पुढे नुसताच श्वास ऐकू आला, आणि मग वेळ संपल्याचा बीप.

हनान तोवर सुलेखाबाईंशेजारी बसली होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि माधवी तिथे नव्हत्या. सुलेखाबाईंनी तिचा हात धरून ठेवला होता, मनगटाच्या वर, अंगठा आणि दोन बोटांनी. सवयीने मोजत असाव्यात. हनान म्हणाली, माधवी परत आल्यावर त्यांच्याकरवी म्हणाली, की त्यांना सांगा, माझी बहीण म्हणते की मोजणाऱ्या बाईने काही विचारलंच नाही. नुसतं लयानकडे बघितलं आणि टेप ओढली.

"म्हनलं होतं ना, समजते तिले," सुलेखाबाई म्हणाल्या.

चारच्या आधी हॉल रिकामा करून द्यायचा होता. उरलेली खिचडी डब्यांमध्ये भरली. कुणीही डबा मागितला नाही, तेव्हा केतकीने सगळे स्वतःच्या गाडीत ठेवले. डोनल किल्ल्या घ्यायला आला. त्याने हनानच्या डोक्यावर माधवींच्या गाडीपर्यंत छत्री धरली, कारण पाऊस भुरभुरत होता.

मी बॅनर गुंडाळून माधवींच्या गाडीपाशी गेलो, तेव्हा हनान पुढच्या सीटवर फोन हातात घेऊन बसली होती. सुहैरचा आणखी एक मेसेज आला होता. माधवींनी तो मला वाचून दाखवला. लयानचं नाव यादीत आलं आहे, नंबर दोनशे अठरा. पेस्ट गुरुवारीच संपली आहे.